यात याचं काही होईल का, बाई?

मुलांनो, गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी टेबलाजवळ येऊन नुसतीच उभी राहिली. डबा तसाच हातात. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, आमचा दादा कालपासून पाणीच पीत नाहीये. आई ओरडली तरी पीत नाही. आणि पंखा बंद करून, दोन स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारतोय."

ऑक्टोबरचं ऊन, त्यात आमचा वऱ्हाडाकडचा भाग आणि दोन स्वेटर! हा दादासुद्धा माझाच विद्यार्थी बरं का. चौथीत होता तेव्हा पाढे म्हणताना सारखा पाय हलवायचा. आता दहावीत आहे, सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दादा भिंतीला टेकून बसला होता. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. दोन दिवसांनी जिल्ह्याची शालेय बॉक्सिंग स्पर्धा होती. त्याला ६६ किलोच्या गटात उतरायचं होतं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर त्याचं वजन भरलं होतं ६८ किलो.

"वरच्या गटात का नाही खेळत?" मी विचारलं.

"वरच्या गटातली पोरं जड असतात बाई. आणि मला वेल्टरवेटच व्हायचंय."

मी त्याच्या प्रशिक्षकांना फोन लावला. ते बिचारे माझ्याहून जास्त भडकले. असं करायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. पोराने मोबाइलवर कुठेतरी बघितलेलं. त्यांनी त्याचं नाव ७० किलोच्या गटात घातलं आणि म्हणाले, "आधी त्याला मीठ-साखर घालून पाणी पाजा." त्याच्या आईने तांब्या भरून आणला. तो पाणी पीत असताना ती माउली मला हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं खरं सांगा. यात याचं काही होईल का?"

आता एक कबुली देते. सात-आठ वर्षांपूर्वी असाच प्रश्न मला एका वडिलांनी विचारला होता. तेव्हा मी झटकन म्हणाले होते, "ठोसे मारून कुठे पोट भरतं का हो? शाळेत लक्ष घालायला सांगा." त्या मुलाचे हातमोजे त्याच आठवड्यात माळ्यावर गेले. पुढे तो काय झाला असता कोण जाणे. पण मला त्या खेळातलं काडीचं कळत नसताना मी उत्तर दिलं, हे मला अजून टोचतं. म्हणून या वेळी मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत जे वाचलं, बघितलं, विचारलं, ते आज तुम्हाला सांगते. आई-बाबांनाही वाचायला द्या हं हे पान.

आधी हे वेल्टरवेट म्हणजे काय ते बघू. बॉक्सिंगमध्ये सारख्या वजनाच्या माणसांनीच एकमेकांशी लढायचं असतं, म्हणून वजनाचे गट पाडलेत. पैसे घेऊन लढणाऱ्या व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांमध्ये वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे साधारण ६६.७ किलो. शब्द आलाय घोड्यांच्या शर्यतीतून. तिथे जड वजनाच्या स्वाराला 'वेल्टर' म्हणत. आणखी एक गंमत. व्यावसायिक लढतीत ८ औंसांचे हलके मोजे वापरणारा हा शेवटचा गट. याच्यापुढे मोजे १० औंसांचे होतात. म्हणजे ठोसा बऱ्यापैकी जड, पण मोजा मात्र हलकाच!

जगात सगळ्यांत जास्त भांडणारी पोरं याच गटात का बरं? अहो, साध्या उंचीच्या, नेहमी व्यायाम करणाऱ्या तरुणाचं वजन साधारण इतकंच भरतं. त्यामुळे भरती दांडगी. इथला गडी लहान गटांतल्यासारखा चपळ असतो आणि मोठ्या गटांतल्यासारखा एका ठोशात आडवाही करतो. शुगर रे रॉबिन्सन, शुगर रे लेनर्ड, फ्लॉइड मेवेदर, मॅनी पॅकियाव, ही सगळी मोठी नावं कधी ना कधी याच गटाच्या अजिंक्यपदावर बसली. २०१५ च्या मे महिन्यात मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत झाली, तीही याच वजनात. ती घरबसल्या बघायला एकट्या अमेरिकेत ४६ लाख ठिकाणी पैसे मोजले गेले!

आपल्या दादाने हेच बघितलेलं. वरचं टोक तेवढं दिसतं ना आपल्याला! म्हणून मी त्याला दोन मुलांची गोष्ट सांगायची ठरवली. दोघंही खरे, दोघंही वेल्टरवेट आणि दोघं एका रात्री समोरासमोर उभे राहिले होते.

पहिला आपला विकास कृष्णन. हरियाणाचा, भिवानीकडचा. २०१० साली तो तरुणांच्या गटात जगज्जेता झाला. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू इथल्या आशियाई खेळांत ६० किलोच्या गटात त्याने सुवर्णपदक मिळवलं. वय वर्षं अठरा! पुढच्याच वर्षी तो वेल्टरवेटमध्ये गेला आणि जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. तेव्हा कुणी विचारलं असतं की याचं काही होईल का, तर लोक हसले असते. झालंच आहे की!

दुसरा अमेरिकेचा एरॉल स्पेन्स. टेक्सासमध्ये डॅलस शहराजवळ वाढलेला, विकासपेक्षा दोन वर्षांनी मोठा. आपल्या देशात सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरलेला.

३ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिक. गट ६९ किलोचा, कारण ऑलिंपिकमध्ये वेल्टरवेटची मर्यादा तेव्हा तेवढी होती. तीन फेऱ्या झाल्या आणि निकाल लागला, विकास १३, स्पेन्स ११. भारतीय लोक नाचले. स्पेन्स मान खाली घालून खोलीत गेला. त्याचं ऑलिंपिक संपलं होतं.

पण अमेरिकेच्या संघाने दाद मागितली. अधिकाऱ्यांनी लढतीचं चित्रण पुन्हा बघितलं. तिसऱ्या फेरीत विकासने प्रतिस्पर्ध्याला नऊदा कवटाळून धरलं होतं आणि रिंगमधल्या पंचांनी समज दिली होती एकदाच. दुसऱ्या फेरीत त्याने दातांवरचं गमशिल्ड मुद्दाम बाहेर टाकलं, त्याचीही दखल घेतली नव्हती. नियमाप्रमाणे ताकीद मिळायला हवी होती आणि ताकिदीचे गुण समोरच्याला जातात. चार गुण स्पेन्सच्या खात्यात पडले. ११ चे झाले १५. जिंकलेला विकास काही तासांनी हरला!

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला. "चीटिंग, चीटिंग!" मीही घरी चित्रण बघताना तेच म्हणाले होते. मग दुसऱ्यांदा बघितलं आणि गप्प बसले. तुम्हीही कधी बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आता खरी गोष्ट इथून पुढे. तुम्हाला वाटेल, त्या निकालाने स्पेन्सचं भलं झालं. छे! चारच दिवसांनी उपउपांत्य फेरीत रशियाच्या आंद्रेई झामकोवोयने त्याला हरवलं. त्या वर्षी अमेरिकेच्या पुरुष मुष्टियोद्ध्यांना एकही पदक मिळालं नाही. म्हणजे त्या रात्री भांडणारे दोघंही लंडनहून रिकाम्या हातांनीच घरी परतले.

पण दोघांची घरं वेगळी होती ना! स्पेन्सच्या देशात व्यावसायिक बॉक्सिंगची पक्की शिडी उभी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे ऑलिंपिकनंतर तीनच महिन्यांनी, त्याने पहिली व्यावसायिक लढत केली. अशा पहिल्या लढती चार फेऱ्यांच्या असतात, मग सहा, आठ, दहा, शेवटी बारा. समोरचा गडी कोण असावा, हे ठरवणारी जाणती माणसं पाठीशी असतात. फार सोपा दिला तर पोरगं शिकत नाही. फार अवघड दिला तर मोडतं. या हिशेबाने स्पेन्स एकवीस लढती जिंकला आणि बाविसाव्या लढतीत, २७ मे २०१७ ला, इंग्लंडमधल्या शेफील्डला जाऊन तिथल्याच केल ब्रुकला त्याने अकराव्या फेरीत थांबवलं. वेल्टरवेटचा जगज्जेता! पहिल्या लढतीपासून साडेचार वर्षं लागली आणि ही वेगवान चाल समजतात.

विकास मात्र भारतात परतला. इथे अशी शिडी नव्हती. आपल्याकडे जवळपास सगळं पदकावर चालतं. आशियाई खेळ, राष्ट्रकुल, ऑलिंपिक, मग पुन्हा चार वर्षं थांबा. त्याने २०१४ आणि २०१८ च्या आशियाई खेळांत ७५ किलोच्या गटात कांस्यं मिळवली. २०१८ साली तर उपांत्य लढतीआधी डोळ्याच्या दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी राष्ट्रकुलात सुवर्ण. हरियाणा पोलिसांत उपअधीक्षकाची नोकरीही मिळाली. २०१९ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढून आला. पण ऑलिंपिकचं पदक राहून गेलं होतं. ती ओढ काही सुटेना! तो परत हौशी बॉक्सिंगमध्ये आला, वजन उतरवून पुन्हा ६९ किलोत. जुलै २०२१ मध्ये टोकियोत पहिल्याच लढतीत जपानच्या ओकाझावाने त्याला हरवलं. विकास खांद्याची दुखापत घेऊनच रिंगमध्ये उतरला होता.

लंडनला दोघांमध्ये अंतर होतं दोन गुणांचं. पुढे जे अंतर पडलं ते ठोशांमुळे पडलं की शिडीमुळे? मला विचाराल तर शिडीमुळे जास्त. अंगातल्या गुणांत विकास तसूभरही कमी नव्हता. हे माझं मत, तुमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचं वेगळं असू शकेल.

पण थांबा, स्पेन्सची गोष्टही साखरेसारखी गोड नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची भरधाव मोटार उलटली. पट्टा लावलेला नव्हता, तो बाहेर फेकला गेला. त्यातून वाचला, पुन्हा लढला. ऑगस्ट २०२१ मध्ये पॅकियावशी लढत ठरली आणि आधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या डाव्या डोळ्याचा दृष्टिपटल फाटलेला आढळला. लढत गेली, शस्त्रक्रिया झाली. २०२२ साली तो परतला आणि तिसरा जागतिक पट्टा जिंकला. २९ जुलै २०२३ ला लास व्हेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने त्याला तीनदा खाली पाडलं आणि नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक हार होती.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतला पातळ पडदा. त्यावर चित्र उमटतं. ठोशाने तो फाटतो, सुटतो. शुगर रे लेनर्डचाही सुटला होता. १९८२ साली शस्त्रक्रिया करून त्याला खेळ थांबवावा लागला, तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. मेंदूचं तर विचारूच नका. डोक्यावर एकसारखे ठोसे बसल्याचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात, तोवर टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात. आणि अंगातलं पाणी आटवून रिंगमध्ये उतरलेल्याला धोका अधिकच. दादाने हे ऐकलं तेव्हा तो तांब्याकडे बघत होता.

मुली म्हणतील, बाई, आमचं काय? तुमच्यासाठी लव्हलिना आहे ना! आसाममधल्या गोलाघाट जिल्ह्यातलं बारोमुखिया हे तिचं गाव. दोन्ही मोठ्या बहिणी किकबॉक्सिंग करायच्या, ही आधी मुए थाई शिकली, मग बॉक्सिंगकडे वळली. टोकियोत तिने कांस्यपदक मिळवलं, तेही वेल्टरवेटमध्येच, ६९ किलोत. आसाम पोलिसांत तिला उपअधीक्षकपद मिळालं. आणि मग काय झालं ठाऊक आहे? पॅरिस ऑलिंपिकसाठी महिलांचा ६९ किलोचा गटच रद्द झाला! तिला ७५ मध्ये जावं लागलं. त्यात ती २०२३ साली जगज्जेतीही झाली, पण २०२४ ला पॅरिसमध्ये उपउपांत्य फेरीत हरली. पुरुषांच्या गटांतही तसंच झालं. पॅरिसला ६३.५ नंतर एकदम ७१. मधल्या ६७ किलोच्या पोराने जायचं कुठे? एखाद्याने आयुष्यभर एका पायरीवर उभं राहायची तयारी करावी आणि वरच्यांनी ती पायरीच काढून न्यावी, असलं हे प्रकरण आहे. मला याचा भारी राग येतो, पण माझ्या रागाला कोण विचारतो!

७१ किलोत आपला निशांत देव होता. पॅरिसला उपउपांत्य फेरीत मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देकडून हरला. त्याने मात्र पुढच्या ऑलिंपिकची वाट बघितली नाही. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला पहिली व्यावसायिक लढत केली आणि पहिल्याच फेरीत जिंकली. विकासच्या वेळी जे दार किलकिलं होतं ते आता जरा जास्त उघडलंय. त्या दारातून जाण्याआधी निशांतच्या गाठीला जागतिक स्पर्धेतलं कांस्य होतं, हे विसरू नका. आपल्याकडचा आणखी एक वेल्टरवेट, नीरज गोयत, ऑलिंपिकपदक नसतानाही व्यावसायिक झाला आणि आशियाई पट्टा जिंकला. २०१९ साली आमिर खानशी, म्हणजे नटाशी नव्हे, इंग्लंडच्या नामांकित मुष्टियोद्ध्याशी, त्याची लढत ठरली होती. लढतीआधी काही आठवड्यांवर मोटार अपघात झाला आणि ती संधी गेली.

आता पैशांचं. आई-बाबा, हे तुमच्यासाठी. नवख्या व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला पगार नसतो, लढतीगणिक पैसे मिळतात. त्यातून व्यवस्थापकाचा वाटा जातो, तो कधी कधी एक तृतीयांशापर्यंत असतो. प्रशिक्षकाचा साधारण दहावा हिस्सा, वर डॉक्टर, प्रवास, खुराक. दुखापत झाली तर लढत नाही, लढत नाही तर पैसे नाहीत. लाखांत एखादा कोट्यधीश होतो आणि आपल्या मोबाइलवर नेमका तोच दिसतो.

म्हणून आपल्याकडच्या बहुतेक मुष्टियोद्ध्यांचा संसार चालतो तो सेनादल, रेल्वे आणि पोलीस यांच्या नोकरीवर. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट मुलांना लहान वयातच निवडून घेते. आमच्या दादाची ती गाडी सुटली. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, पण नुसतं खेळून चालत नाही, ठरावीक स्पर्धांमधलं यश लागतं, त्याच्या प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि त्या पदासाठी लागणारं शिक्षणही हवंच. 'खेळाच्या नादात दहावी सोडली' म्हणणाऱ्याला त्या रांगेत उभं करत नाहीत.

आठ दिवसांनी मी हे सगळं घेऊन दादाच्या घरी गेले. आई कण्या निवडत होती, तिने ताट बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "ताई, 'काही होईल का' याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मोबाइलवर दिसतं तसं होण्याची आशा फार थोडी आहे. पोलिसांत किंवा सेनादलात लागण्याची त्याहून बरी, पण तीसुद्धा हातात ठेवलेली नाही. त्याने दहावी सोडायची नाही. वाढत्या अंगाचं वजन आटवायचं नाही. जितकं भरेल त्या गटात खेळायचं. वर्षातून एकदा डोळे तपासायचे. डोक्याला मार बसून गरगरलं, तर डॉक्टर म्हणेपर्यंत सराव बंद. एवढं कबूल असेल तर दोन वर्षं त्याला खेळू द्या, मग पुन्हा बसू."

"आणि नाही कबूल केलं तर?" आईने विचारलं. मी दादाकडे बघितलं. तो पाय हलवत होता, चौथीत हलवायचा तसाच.

"कबूल आहे बाई," तो म्हणाला. "पण डोळे तपासायला तालुक्याला जावं लागेल. शनिवारी सराव असतो."

"मग रविवारी जाऊ," मी म्हटलं.

हो, स्पर्धेचं सांगायचं राहिलंच. ७० किलोच्या गटात तो पहिली लढत जिंकला आणि दुसरी हरला. समोरचा पोरगा खरंच जड होता. सोमवारी त्याच्या बहिणीने मधल्या सुट्टीत आधी डबा खाल्ला, मग माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, दादा हरून आला आणि एकदम चार भाकरी खाल्ल्या. आईला पुन्हा पीठ मळावं लागलं."